बंद पाकिटांचा डाव

आधी तिला तो हात दिसला. भाचीने पत्त्यांची सहा बंद पाकिटं तिच्यापुढे सरकवली होती, चकचकीत, आत काय आहे त्याचा थांगपत्ता लागू न देणारी, आणि ती पहिल्या पाकिटाला दात लावायच्या बेतात होती. तेवढ्यात समोरची रिकामी खुर्ची मागे ओढली गेली, "उशीर झाला, रागावू नका मंडळी," असं कुणीतरी म्हणालं, आणि टेबलाच्या पलीकडे एका हाताने एक पाकीट उचललं. बाकीचे फाडत होते. या हाताने अंगठ्याचं नख कडेच्या शिवणीवर टेकवलं, एकाच दाबाने, मध्ये न थांबता वरपासून खालपर्यंत नेलं, आणि पाकीट वहीसारखं उलगडलं. डाव्या अंगठ्याच्या पेरावर आडवा पांढरा व्रण होता. तो लॅबमधल्या यंत्राच्या पात्याचा होता. रक्त थांबेना म्हणून त्या दिवशी कापूस तिनेच दाबून धरला होता, आणि ते हसत म्हणत होते, धरा घट्ट, अंगठा गेला तर माझे ठोकळे पण तुम्हालाच कापावे लागतील. चेहऱ्याकडे बघायची गरजच नव्हती. म्हणून तिने कितीतरी वेळ पाहिलं नाही.

"मावशी, हेच ते फ्रेमवाले काका," भाची म्हणाली. "मी सांगत असते ना, आमच्या सगळ्यांना धूळ चारतात ते." भाची दोन वर्षांपासून तिच्याकडे राहत होती, विमा कंपनीत कामाला होती, आणि दर रविवारी दुपारी खेळांच्या या दुकानाच्या माळ्यावर येऊन हा पत्त्यांचा खेळ खेळायची. फ्रेमवाल्या काकांच्या गोष्टी भाचीच्या तोंडून तिने जेवताना कितीदा तरी ऐकल्या होत्या. फोटोंना चौकटी बसवायच्या दुकानात काम करतात, एकदा इथल्या भिंतीवरचं चित्र लावायला आले आणि खेळ बघत बसले ते बसलेच, हरले तरी हसतात. ऐकताना तिने हूं हूं केलं होतं. त्या गोष्टींमधल्या माणसाला तिने कधी चेहरा दिला नव्हता. आज नेहमीचा चौथा भिडू आजारी पडला म्हणून भाचीने तिला ओढून आणलं होतं. "नुसतं बसायचं गं, मी शिकवते. सगळ्यांचीच पाकिटं बंद असतात, त्यामुळे नवख्या माणसालाही तेवढीच संधी."

"अहो!" समोरून आवाज आला. "तुम्ही? ओळखलंत की नाही?"

तिला वर बघावंच लागलं. केस पुष्कळ पांढरे झाले होते, चष्मा बदलला होता. बाकी मास्तर तेच होते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण तिथे जो कोणी काप काढायला शिकला तो त्यांच्या हाताखाली शिकला. "ओळखलं की," ती म्हणाली, आणि आपला आवाज नीट निघाला याचंच तिला नवल वाटलं.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" भाचीने विचारलं.

"ओळखतो म्हणजे? चौदा वर्षं पाठीला पाठ लावून बसलोय आम्ही. मी या खिडकीशी, या त्या खिडकीशी. मधे एक कोमट पाण्याचं भांडं." मास्तर मनापासून खूश झाले होते. त्यांचा आनंद बघून तिला पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली पायरीच नसावी तसं झालं.

"बरं, गप्पा नंतर," टेबलाच्या चौथ्या बाजूने दातांची डॉक्टरीण म्हणाली. ती भाचीची मैत्रीण, ठसठशीत, मोठ्याने हसणारी, आठवडाभर लोकांची तोंडं उघडायला लावून रविवारी स्वतःचं उघडणारी. "पंचवीस मिनिटं आहेत. आपापल्या पाकिटांतून निघालेल्या नव्वद पत्त्यांतून चाळीस निवडा. मावशी, तुम्हाला एकच लक्षात ठेवायचंय. प्रत्येकाला वीस जीव. आपला डाव आला की तिघांपैकी कुणावर हल्ला करायचा ते आपण ठरवायचं. जो शेवटपर्यंत उरला तो जिंकला."

ती पत्ते लावू लागली. हे तिला जमण्यासारखं होतं. एकसारख्या वस्तू एकसारख्या ओळींत लावणं हेच तिचं सत्तावीस वर्षांचं काम. लॅबमध्ये सकाळी शरीरांतून काढलेले बारीक बारीक तुकडे यायचे, मेणात बसवून त्यांचे ठोकळे व्हायचे, प्रत्येक ठोकळ्यावर नंबर. मग यंत्रावर ठोकळा लावायचा, चाक फिरवायचं, आणि पात्यावरून मेणाची पट्टी उतरायला लागायची, इतकी पातळ की श्वास जोरात सोडला तर उडून जाईल. ती पट्टी कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या आपोआप जायच्या, आणि खालून काच घालून तिला अलगद उचलायचं. मग पाण्यावरून टिपकागद ओढायचा, आधीच्या ठोकळ्याचा कणही मागे राहू नये म्हणून, आणि मगच पुढचा ठोकळा. मास्तर नव्या पोरींना सांगायचे, त्या कणाला कुठे माहीत असतं तो कुणाचा आहे, तो ज्याच्या काचेवर बसेल त्याचा होतो. ती हे सगळं आठवत होती आणि हात पत्ते वेगळे करत होते. राखेतला लांडगा, नको. तीन नांग्यांचा विंचू, नको. दगडी कासव, असू दे. जखम भरणारी वेल, असू दे. उंच भिंत, असू दे. दुसरी उंच भिंत. एका पत्त्यावर एक काळा बैल होता, नाकातून धूर निघणारा, आणि तो ती बाजूला टाकणार एवढ्यात भाची तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "मावशी, अगं सगळ्या भिंतीच घेतल्यास! हल्ला कशाने करणार आहेस? तो बैल घे निदान." तिने घेतला. टेबलापलीकडे मास्तर आपले पत्ते दिव्यापुढे धरून एकेक बघत होते. त्यांच्याकडे न बघता ते काय करताहेत हे तिला कळत होतं. चौदा वर्षांची सवय, पाठीला डोळे फुटतात.

डाव सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत तिला खेळाचं मर्म कळलं, नियमांच्या आधी कळलं. जो जोरात दिसतो त्याच्यावर सगळे तुटून पडतात. डॉक्टरिणीने दुसऱ्याच फेरीला पंखवाला सरडा काढला, आणि भाची आणि मास्तर दोघांनी मिळून तो मारला. भाचीने लांडग्यांची टोळी जमवली की डॉक्टरीण म्हणे, "सॉरी हं, पण तुझी ती कुत्री मला सहन होत नाहीत." ती स्वतः मात्र आपल्या भिंतींमागे बसून होती. एकेक कासव ठेवत होती. कुणाचा हल्ला तिच्याकडे वळत नव्हता. तिचे वीसच्या वीस जीव शाबूत होते. हे तिला फार ओळखीचं वाटलं. आपण शाळेतही अशाच होतो, तिला वाटलं. सासरीही. नवरा होता तोवर त्याच्या बहिणी एकमेकींशी भांडायच्या आणि दोघीही येऊन तिच्याजवळ रडायच्या, कारण ती कुणाचीच नव्हती. लॅबमध्ये कुणाची बदली, कुणाची बढती, कुणी कुणाविरुद्ध अर्ज दिला, ती आपल्या खिडकीशी. लोकांना याचं कौतुक वाटे. तिलाही वाटे. आणि आता त्या विभागाची मुख्य तीच होती. मास्तरांच्या खुर्चीत. खुर्ची तिने मागितली नव्हती. कधीच काही मागितलं नव्हतं, हे म्हणायला ती कायम तयार असे, पण तसं कधी कुणी विचारलंच नाही.

डॉक्टरीण हातातले पत्ते पंख्यासारखे हलवत म्हणाली, "मला वाटतं, आता मावशींना जरा हलवायला हवं. वीस जीव घेऊन बसल्यात, अगदी बँकेच्या तिजोरीसारख्या."

"त्यांना सोडा," मास्तर म्हणाले. "त्या कुणाला काही करत नाहीत."

तिने पटकन त्यांच्याकडे पाहिलं. काही टोचून बोलले का? नाही. चेहरा स्वच्छ होता. मास्तरांना टोचून बोलता येत नसे, ते त्यांचं मोठंच वैगुण्य होतं. ते डॉक्टरिणीकडे वळून सांगत होते, "तुम्हाला ठाऊक नाही, यांचे माझ्यावर किती उपकार आहेत. माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती. चौकशी बसली. एकूणएक माणूस येऊन सांगून गेला, यांची नजर गेली, यांचा हात थरथरतो, यांचं लक्ष नसतं. ज्यांना मी हाताला धरून शिकवलं ते. या एकट्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, आणि काहीही न सांगता बाहेर आल्या. मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो ना, मला शिपायाने सांगितलं."

"मावशी आहेच तशी," भाची म्हणाली आणि टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

ते थोपटणं तिला सहन होईना. खुर्ची मोडकी असल्यासारखी ती सारखी जागा बदलत राहिली. खिडकीबाहेर रस्ता खणत होते, यंत्राची धडधड थांबून थांबून येत होती, आणि ती थांबली की कानात जास्तच वाजायची. चौकशीची खोली. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर मधे, दोन्ही बाजूंना कार्यालयातले दोघे. प्रश्न एकच होता. तुम्हाला या बाबतीत काही सांगायचं आहे का? त्यांनी असं विचारलं असतं की चारशे बारा नंबरचा ठोकळा कोणी कापला, तर तिने सांगितलं असतं. याची तिने सहा वर्षं स्वतःला खात्री दिली होती. पण त्यांनी तसं विचारलं नाही. काही सांगायचं आहे का, एवढंच. आणि ती म्हणाली, नाही. खरं म्हणजे शब्दही नव्हता तो, नुसती मान हलवली. नोंदवहीत त्या दिवसाच्या सगळ्या ठोकळ्यांपुढे मास्तरांची सही होती, कारण मास्तर सकाळीच सगळ्या पानावर सही करून टाकत. दुपारी तीन वाजता त्यांची दाढ इतकी ठणकायला लागली की डोळ्यांतून पाणी येत होतं. ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चार ठोकळे राहिलेत फक्त, तेवढे काढाल? मी दाढ काढून येतो. ती म्हणाली, जा तुम्ही. ते गेले. चार ठोकळे. चारशे दहा, अकरा, बारा, तेरा. अकरामध्ये रोग होता, ते नुसत्या डोळ्यांना दिसत होतं, वीस वर्षं सरावलेल्या डोळ्यांना दिसतं. तिने अकराची पट्टी पाण्यावर सोडली, काचेवर घेतली. मग बारा यंत्रावर लावला. घड्याळात चार वाजून गेले होते. पाण्याकडे तिने पाहिलं आणि... इथे आठवण दरवेळी वळसा घालून पुढे जायची. थेट पाच वाजता मास्तर गालात कापसाचा बोळा घेऊन परत आले तिथे. अर्धं तोंड बधिर, बोबडं बोलत होते, आणि सगळे हसत होते, तीही.

"मावशी, तुझा डाव," भाची म्हणाली.

तिने एक कासव ठेवलं.

"काय गं, मावशी!"

चारशे बारा नंबरची बाई ग्रंथपाल होती. अकरा दिवस तिला रोग असल्याचं सांगितलेलं होतं. बाराव्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली होती, आणि ऐन वेळी दुसऱ्या एका डॉक्टरने काच पुन्हा मागवली, म्हणून कळलं की कडेला चिकटलेला तो कण तिचा नव्हताच. त्या अकरा दिवसांत बाईने दोन्ही मुलींना त्यांच्या त्यांच्या गावांहून बोलावून घेतलं होतं आणि औषधांनी गळायच्या आधीच आपले कमरेपर्यंतचे केस स्वतःच कापून टाकले होते. नवऱ्याने तक्रारीत केसांविषयी लिहिलं होतं. बाकी तक्रार कुणाकडून तरी लिहवून घेतल्यासारखी होती, केसांचं वाक्य तेवढं त्याचं होतं. ते वाक्य लॅबमध्ये सगळ्यांनी वाचलं. मास्तरांनी ते वाचून चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, सही माझी आहे, म्हणजे काम माझं. दाढेचं, दुपारचं, चार ठोकळ्यांचं त्यांनी नावही काढलं नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, ते आपल्याला वाचवताहेत. कित्येक दिवस ती त्या ओझ्याने वाकून चालत होती. मग हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं की तसं काही नाही. चारशे बारा आपणच सकाळी कापला असं ते खरंच धरून चालले आहेत. नोकरी गेली त्या शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करताना ते म्हणाले, त्या दिवशी सकाळपासून ठणका होता हो, चित्त थाऱ्यावर नव्हतं, टिपकागद फिरवायचा राहिला माझ्या हातून. तिने त्यांचा डबा त्यांच्या पिशवीत ठेवायला मदत केली.

टेबलावर घमासान सुरू होतं. भाची तीन जिवांवर आली आणि डॉक्टरिणीने तिला हसत हसत बाद केलं. "कृतघ्न!" भाची ओरडली आणि पत्ते पालथे करून खुर्ची मागे रेलवून बसली. मास्तर टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "ऐका. आपण दोघांनी एकमेकांना हात लावायचा नाही. आधी यांना घालवू. कबूल?" तिने मान हलवली. तीच मान. मग तिच्या भिंतींच्या आडून मास्तरांनी तीन फेऱ्यांत डॉक्टरिणीचे अकरा जीव घेतले, आणि उरलेले दोन घेण्यासाठी तिला आयुष्यातला पहिला हल्ला करायला लावला, एका कासवाचा. डॉक्टरीण कपाळावर हात मारून म्हणाली, "कासवाने मेले! कुणाला सांगायची सोय राहिली नाही." मग ती आणि भाची कॉफी आणायला खाली गेल्या. जिन्यावरून त्यांचं हसणं उतरत गेलं, आणि माळ्यावर शेजारच्या टेबलांचा गलका असूनही अचानक फार शांत वाटलं.

"करार संपला आता," मास्तर म्हणाले. त्यांच्यापुढच्या कागदावर सहा जीव होते. तिचे अजून एकोणीस. "काढा काय आहे ते. मला दिसतंय हं तुमच्या तोंडावर. काहीतरी दाबून धरलंय तुम्ही हातात."

हातात काळा बैल होता. तो एका फटक्यात सात जीव घ्यायचा. तिने पत्ता धरला होता तिथे त्याची कड ओली झाली होती. ठेवला की संपलं. भाची वर येईल, मास्तर हसतील, पुढच्या रविवारी या म्हणतील, आणि ती येईल, किंवा येणार नाही, आणि ते जिथे जातील तिथे सांगत राहतील की त्या एकट्या काही बोलल्या नाहीत.  आपण आत्ता काय करणार आहोत हे आपल्यालाच माहीत नाही अशी वेळ तिच्यावर फार क्वचित आली होती, आणि त्या प्रत्येक वेळी तिने काहीच केलं नव्हतं.

"चारशे बारा मी कापला होता," ती म्हणाली.

मास्तरांनी कानामागे हात नेला. "काय म्हणालात?"

"तो ठोकळा. ग्रंथपाल बाईंचा. तुम्ही दाढ काढायला गेलात ना, तेव्हा चार राहिले होते. दहा, अकरा, बारा, तेरा. ते मी कापले. पाणी पुसायला विसरले मी. तुमच्या हातून काही झालं नाही."

"छे," ते म्हणाले, आणि चक्क हसले, एखाद्या शिकाऊ पोरीने उगाच अंगावर घेतल्यावर हसत तसे. "तुमचा घोटाळा होतोय. चारशे बारा मी सकाळी काढला. मला स्वच्छ आठवतंय. टिपकागद हातात घेतला, तेवढ्यात फोन वाजला, मुलीचा, तिला दिवस गेल्याचं सांगायला. मी कागद तसाच खाली ठेवला आणि..."

"तो फोन आदल्या दिवशी आला होता, मास्तर. तुम्ही सगळ्यांना गोड वाटलंत. दुसऱ्या दिवशी दाढ दुखायला लागली म्हणून मीच चिडवलं होतं तुम्हाला, की कालचं गोड बाधलं."

 त्यांची नजर टेबलावरच्या पत्त्यांवर होती आणि ती कुठेतरी पलीकडे एकेक करून काहीतरी तपासत होती. आदला दिवस. गोड. दाढ. बाक. तिने त्यांना असं तपासताना हजारदा पाहिलं होतं, काच दिव्यापुढे धरून. शेवटी त्यांनी चष्मा काढला. चष्म्याविना त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा झाला.

"मग मी सहा वर्षं कशाची आठवण काढत होतो?" ते म्हणाले. हळू म्हणाले, तिला विचारल्यासारखं नाहीच. "रोज आठवायचं हो. अंघोळ करताना. कागद हातात, पाणी असं चमकतंय, आणि फोन. मला त्या कागदाची घडीसुद्धा दिसायची."



"मी त्या बाईंच्या घरी जाऊन आलो," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत नसेल. नोकरी गेल्यावर वर्षाने गेलो. पत्ता शोधून काढला. त्यांनीच दार उघडलं. केस खांद्यापर्यंत आले होते. मी म्हणालो, मी तो माणूस. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, तुम्हाला बघून मला बरं वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटत. या आता. मी जिना उतरलो. तो जिना मी उतरलो." त्यांनी अंगठ्याने स्वतःच्या छातीवर टकटक केलं. "मी."

"मास्तर, मी तेव्हा..."

"थांबा." आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरचा एक जण वळून बघू लागला. "तुम्ही आत गेलात. तुम्हाला विचारलं. आणि मी बाहेर बसून देवाचे आभार मानतोय, की एक तरी माणूस आहे." त्यांनी आपले पत्ते एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. "माझी नात पाच वर्षांची आहे. ताप आला की बाटलीतून औषध चमच्यात ओतायचं असतं. मुलगी माझ्या हातातून बाटली काढून घेते. काही बोलत नाही, हसून घेते, बाबा मी देते ना, म्हणते. बायको दुसरीकडे बघते. इतकी वर्षं. त्यांचंही काही चुकत नाही. मीच सांगितलं होतं ना त्यांना, माझ्या हातून झालं म्हणून."

खाली रस्त्यावरची धडधड पुन्हा सुरू झाली. तिला वाटलं आपल्याला रडू येईल, आणि येईना, आणि आलं नाही हे बरंच झालं, कारण रडली असती तर मास्तरांनी समजूत घातली असती. त्यांना तेवढंच येत होतं.

जीव मोजायच्या वहीतलं एक कोरं पान त्यांनी फाडलं, कडेने, नीट. तिच्यापुढे ठेवलं. त्यावर पेन ठेवलं.

"लिहून द्या."

"काय लिहू?"

"जे बोललात ते. तारीख घाला. पूर्ण नाव, हुद्दा."

तिने लिहिलं. पाच ओळी झाल्या. हुद्द्यापाशी पेन अडखळलं, कारण तो हुद्दा एकेकाळी त्यांचा होता, पण तिने तोही लिहिला. त्यांनी चष्मा घालून दोनदा वाचलं, चार घड्या करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मी हे वापरणार आहे. आधीच सांगून ठेवतो, नंतर म्हणू नका."

"वापरा."

ते उठले. खुर्ची टेबलाखाली सरकवून जिन्याकडे गेले. जिन्यात भाची आणि डॉक्टरीण भेटल्या असाव्यात, "काका, निघालात? जिंकलं कोण?" असा आवाज आला. भाची चार पेले सांभाळत वर आली, टेबल बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि पेले खाली ठेवले. "काय झालं गं?" तिने भाचीला तिथेच सांगितलं, सगळं, डॉक्टरिणीसमोर.  घरी जाताना बसमध्ये जागा रिकाम्या होत्या, तरी भाची तिच्या शेजारी न बसता दांड्याला धरून उभी राहिली. घरी आल्यावर ती स्वतःच्या खोलीचं दार लावून आत बसली, आणि रात्रीच्या जेवणाला बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. "तू मला का नाही सांगितलंस, असं नाही विचारणार," ती म्हणाली. "मला फक्त एवढंच कळत नाही, तुला झोप कशी यायची?" तिला झोप चांगली यायची, हे खरं उत्तर तिने दिलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता तिला मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. ती वाट बघतच होती. सोमवारपासून तिने आपल्या कपाटातल्या वस्तू मनातल्या मनात पिशवीत भरून ठेवल्या होत्या. खोली तीच, खुर्च्या नव्या. टेबलाच्या एका बाजूला मास्तर बसले होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून, आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको. बाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नुसती उत्सुकता होती, म्हणजे ही आहे तर ती, अशी. पाच ओळींचा कागद डॉक्टरांपुढे उलगडलेला होता.

"निर्णय व्हायला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर तुम्ही यंत्रावर बसायचं नाही. पण आधी मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्या दिवशी चारशे बारा नंबरचा ठोकळा कोणी कापला?"

सरळ प्रश्न होता. सहा वर्षं ती याच प्रश्नासाठी थांबली होती, असं ती स्वतःला सांगत आली होती.

"मी," ती म्हणाली. "अकरानंतर पाणी पुसायला विसरले."

कोपऱ्यात बसलेला कारकून लिहून घेऊ लागला. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागद मिटायला घेतला, जणू झालं. तेव्हा मास्तर पहिल्यांदाच बोलले.

"साहेब, एक विचारू?" ते तिच्याकडे वळले. आवाजात रविवारची धार नव्हती, लॅबमधला जुना आवाज होता, काम कुठे बिघडलं ते शोधणारा. "तुम्ही चौदा वर्षं माझ्या शेजारी बसलात. तुम्ही विसरणाऱ्यांतल्या नाही. टिपकागद फिरवायला विसरलात, की फिरवला नाहीत?"

खोलीत पंखा फिरत होता. कारकुनाचं पेन वर उचललेलं राहिलं. आठवण नेहमीप्रमाणे वळसा घालायला निघाली, पाच वाजण्याकडे, कापसाच्या बोळ्याकडे, हसण्याकडे, आणि तिने तिला धरून मागे आणलं, चार वाजून गेलेल्या घड्याळाकडे, भांड्याकडे. पाणी स्थिर होतं. मधोमध एक पांढुरका कण तरंगत होता, तिळाएवढासुद्धा नाही. टिपकागदांचा गठ्ठा संपला होता, नवा आणायला कोठारापर्यंत जावं लागलं असतं, आणि चारशे बाराची पट्टी पात्यावरून उतरायला लागलीच होती.

"दिसला होता मला," ती म्हणाली. "तो कण. दिसला होता. मला वाटलं, चालून जाईल."

 मास्तरांच्या बायकोने टेबलावर पडलेला त्यांचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. मास्तरांनी खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"लिहा," डॉक्टर कारकुनाला म्हणाले.

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं. "बाई, शेवटचं पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, त्याला लिहिता येईल असं.